नमुना एक आणि आपले दहा टक्के

नमुना आठ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. घरकुल असो, कर्ज असो, ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा आणावाच लागतो. पण नमुना एक मागणारी बाई मी बचत गटांच्या कामात एकदाच पाहिली. नमुना एक म्हणजे ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. वर्षभरात गावात किती पैसा येणार आणि तो कशावर खर्च होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या बाईची गोष्ट शेवटी सांगते. आधी हा पैसा आणि त्याचा हिशेब आपल्या जिल्ह्यात कसा आला, ते पाहू.

बुलढाणा जिल्हा म्हटलं की सिंदखेडराजा आणि जिजाऊ आठवतात, ते बरोबरच आहे. पण बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे पटकन कोणाच्या तोंडी येत नाहीत. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. प्रत्येक गोष्टीत बाईला दोष देणाऱ्यांना त्यांनी त्यात सरळ जाब विचारला. त्याच वर्षी, मे महिन्यात, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. गावचे रस्ते, शाळा, दवाखाने यांचा कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळांकडे द्यावा, असं त्यात होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण ‘लोकांनी निवडलेल्या’ म्हणताना त्या लोकांत ताराबाई धरलेल्या नव्हत्या, हे मला विसरता येत नाही.

आपलं वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि १८५३ पासून कारभाराला इंग्रजांचं होतं. शेतसाऱ्यासोबत उपकर घ्यायचा आणि त्यातून रस्ते, शाळा चालवायच्या, अशी पद्धत होती. म्हणजे कापूस पिकवणाऱ्या घराचा पैसा त्यात होता आणि त्या कापसाची वेचणी बायांच्याच हातची होती. पुढे १९२० च्या कायद्याने जिल्हा कौन्सिलं आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तालुक्या-तालुक्याला जनपद सभा निघाल्या. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वसंतराव नाईक तेव्हा महसूलमंत्री होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्हा परिषदेची शिफारस केली, १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, गावरस्ता, विहीर, हे सगळं तिथे आलं.

आता पैशाचं नीट ऐका, कारण इथेच आपण फसतो. जिल्हा परिषदेच्या हातून खर्च होणारा बहुतेक पैसा शासनाचा असतो. तो कशावर खर्च करायचा हे आधीच ठरलेलं असतं. मास्तरांच्या पगाराचा पैसा पगारालाच जातो. खरा निर्णय घेता येतो तो स्वतःच्या उत्पन्नावर. त्याला कचेरीत ‘सेस फंड’ म्हणतात. हा वाटा लहान असतो, पण सभागृहात भांडण होतं ते याच्यावर. दरवर्षी मार्च संपायच्या आत अर्थ समितीचे सभापती अंदाजपत्रक मांडतात आणि कुठल्या गावाला काय मिळणार ते ठरतं.

त्या सभागृहात बाई किती होती? सुरुवातीच्या काळात एखाददुसरी, तीही बहुधा नावापुरती घेतलेली. १९७९ ला निवडणूक झाली, त्यानंतरची थेट १९९२ मध्ये. मधली तेरा वर्षं जुनेच लोक आणि शेवटी शेवटी प्रशासक. १९८९ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात विटनेर नावाच्या गावाने सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून दिली. शेतकरी महिला आघाडीचा तो काळ होता. १९९० मध्ये राज्याने महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या. मग केंद्राची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि एक तृतीयांश जागा देशभर बंधनकारक झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या अर्ध्या केल्या. सरपंचपती नावाचा प्राणीही त्याच काळात जन्माला आला, पण त्याच्यावर एक वेगळं भाषण लागेल.

खुर्ची मिळाली, तसा पैशाचाही नियम झाला. जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे. जिल्हा परिषदेत या दहा टक्क्यांतून काय आलं? शिलाई मशीन, मुलींना सायकली. सायकलींबद्दल माझं काही म्हणणं नाही, पाच किलोमीटरवरच्या शाळेत मुली त्यांच्यामुळेच टिकल्या. शिलाई मशीनचं मात्र मला पटत नाही. एका गल्लीत चार मशीन आल्या की चौघींनाही पोटापुरतं काम मिळत नाही. २०१६ च्या अखेरीस वस्तूऐवजी पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं. त्यामुळे निकृष्ट माल गळ्यात पडणं थांबलं, पण आता वस्तू आधी स्वतःच्या पैशाने घ्यायची, पावती द्यायची, मग पैसे येणार. गरीब बाईकडे आधी पैसे कुठून असणार? ती आमच्या गटातून कर्ज काढते. अनुदान सरकारचं आणि तोवरचं व्याज तिचं.

ग्रामपंचायतीचा पैसा आपल्याला जास्त जवळचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर हे झालं स्वतःचं उत्पन्न. समजा वर्षाला तीन लाख जमले, तर तीस हजार महिला आणि बालकल्याणाचे. त्याशिवाय २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखडा आला. पंधराव्या आयोगात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला होता आणि २०२१-२२ पासून एकूण पैशातले ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून ठेवले गेले. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना या ६० टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता त्या बाईची गोष्ट. घाटावरचं एक गाव, नाव सांगत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. तिथे ती घरोघरी सह्या घेऊन ‘व्हायची’. त्या वर्षी आम्ही अडून बसलो आणि सभा खरोखर भरली. दहा-बारा जणी आल्या असतील. गटातल्या एक मावशी, अंगठा करणाऱ्या, म्हणाल्या, “ते दहा टक्के कोनचे वो ताई? दाखवा मले.” ग्रामसेवकांनी जरा कुरकुरत नमुना एक काढला. मी वाचून दाखवला. महिला आणि बालकल्याणाखाली एकच ओळ होती: अंगणवाडीसाठी खुर्च्या.

अंगणवाडीच्या ताई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे एक बी खुर्ची नाही.” मग मावशीने खाली पाहिलं आणि ज्या खुर्च्यांवर सदस्य बसले होते, त्या मोजल्या. चांगल्या मोठ्या, हातवाल्या प्लॅस्टिकच्या. तीन वर्षांचं लेकरू त्यात बसलं तर पाय तरंगतील अशा. कोणी भांडण केलं नाही. सभा संपल्यावर बायांनी त्या उचलल्या आणि डोक्यावर घेऊन अंगणवाडीत नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या परत आल्या, कारण मुलांना त्यांचा उपयोगच नव्हता. पण पुढच्या अंदाजपत्रकात त्या एका ओळीच्या जागी तीन ओळी आल्या: सतरंज्या, पाण्याची टाकी, आणि बायांच्या संडासाच्या वाटेवर दिवा. दिवा लागायला आणखी आठ महिने गेले.

जिल्हा परिषदेचं मात्र असं करता आलं नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक वेळेत झाली नाही. २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रकं प्रशासकांच्या सहीने मंजूर झाली. अर्ध्या जागा आपल्या, पण त्या वर्षांत सभागृहच भरलं नाही. प्रशासक अधिकारी चांगला असेलही. पण खुर्च्या मोजायला मावशी जायची कुठे?

गावाचं तरी आपल्या हातात आहे. ‘ई-ग्रामस्वराज’ नावाचं ॲप मोबाइलवर आहे, त्यात गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला उघडायला सांगा. गटांच्या मागण्यांचा आराखडा ग्रामसंघातून ग्रामपंचायतीला द्यायचा असतो, तो वेळेत द्या, अंदाजपत्रक झाल्यावर नको. आणि मावशींनी मला विचारलेलं एक राहिलंच. नमुना एक वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “माही घरपट्टी यातच हाय ना?” मी हो म्हटलं. “मग ते वरचं पुन्यांदा वाच,” म्हणाल्या, आणि मी जमेची बाजू पहिल्यापासून वाचायला घेतली.