अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि मातेचे जागरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेल हे वाशिष्ठी खाडीच्या मुखावर, गोपाळगडाच्या सान्निध्यात वसलेले गाव होय. अशा किल्ल्यांवरील पहाऱ्याची दखल इतिहासाने घेतली. परंतु घराघरांत अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ स्त्रियांनी केलेल्या जागरणाची नोंद क्वचितच झाली. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ मुदतपूर्व मानले जाते. अंगावर चरबी कमी असल्याने ते लवकर थंड पडते. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारणतः ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. म्हणून दर दोन-तीन तासांनी दूध आणि अखंड ऊब देणे अपरिहार्य ठरते. यासाठी रात्री कोण जागे राहिले, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील नवजात-संगोपनाचा विचार केला आहे.

पारंपरिक व्यवस्था :
पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आणि सव्वा महिना बाळंतिणीला जपण्याची रूढी महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. सटवाई बाळाच्या भाळी भविष्य लिहिते, या समजुतीने त्या रात्री घरातील स्त्रिया जागत. या विधीचा अर्थ धार्मिक असला, तरी नवजात बाळाजवळ रात्री कोणीतरी जागे असावे, ही जाणीव त्यात दिसते. आई, मावशी, आजी व सुईण यांच्यात जागरण वाटले जाई. अर्थात या व्यवस्थेचे गौरवीकरण करता येणार नाही. पोटासाठी लवकर कामावर परतणाऱ्या कष्टकरी स्त्रीला ही सवड नव्हती आणि केवळ शेगडीच्या उबेवर अनेक बाळे वाचतही नव्हती.

रुग्णालय आणि माता :
पॅरिसमध्ये १८८० साली स्टेफान टार्निए यांनी नवजात बाळांसाठी उबेची पेटी वापरात आणली. ऊब देण्याचे काम यंत्राकडे गेले, परंतु पुढील काळात अनेक रुग्णालयांत माता बाळापासून दुरावली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आईच्या दुधाचे महत्त्व त्यातून अधोरेखित झाले. मात्र दूधनिर्मितीस चालना देणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. म्हणून बाळ कक्षात असतानाही मातेला रात्री उठून दूध काढावे लागते. बाळ दुसऱ्याच्या देखरेखीखाली असले, तरी तिची झोप अखंड राहत नाही.

गडचिरोलीचा प्रयोग :
डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरच्या घरी नवजात-संगोपनाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया घरी येऊन बाळाचे वजन, ऊब, स्तनपान व जंतुसंसर्गाची लक्षणे तपासत. मुदतपूर्व बाळांतील मृत्यूचे प्रमाण ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आले. रुग्णालयापासून दूर असलेल्या कुटुंबांना ज्ञान व आधार मिळाला, हे या प्रयोगाचे मोठे यश होय. तथापि, आरोग्यसेविका परतल्यानंतरची रात्र मातेकडेच राहिली.

शासकीय धोरण :
२०११ साली केंद्र शासनाने घरभेटींची ही पद्धत देशभर स्वीकारली. त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झाल्यास ४२ दिवसांत 'आशा' कार्यकर्तीच्या सहा, तर घरी झाल्यास सात भेटी ठरविण्यात आल्या. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली, बाळाला छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याची 'कांगारू' पद्धतही भारतात रुजली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही पद्धत अवलंबिल्यास कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. या पद्धतीत पिता, आजी वा मावशीही बाळाला छातीशी घेऊ शकतात. २०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी नवजात कक्षातील संगोपनात कुटुंबाच्या सहभागास मान्यता दिली. ब्रिटनने २०२३ च्या कायद्याने, एप्रिल २०२५ पासून, नवजात बाळ रुग्णालयात असलेल्या नोकरदार पालकांना १२ आठवड्यांपर्यंत अतिरिक्त रजा दिली. शेतमजूर वा मासळी विकणाऱ्या स्त्रीला मात्र रजा हा शब्दच लागू पडत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक टप्प्यावर बाळाच्या जगण्याची शक्यता वाढली, परंतु जागरणाचा भार पुन्हा मातेवरच येऊन पडला. या उपक्रमांचे यश प्रामुख्याने मृत्युदर, वजन व स्तनपान यांवरून मोजले गेले. दीर्घकाळ झोप न मिळणे आणि प्रसूतीपश्चात नैराश्य यांचा निकटचा संबंध आहे. थकलेल्या मातेकडून बाळाच्या धोक्याची लक्षणे निसटण्याचा संभवही असतो. म्हणून मातेची झोप ही तिची खासगी अडचण नसून बाळाच्या उपचाराचाच भाग मानली पाहिजे. घरभेटीत बाळाच्या वजनाबरोबरच 'रात्री बाळाजवळ आणखी कोण जागते?' हा प्रश्न विचारला जावा आणि बाळाला छातीशी घेण्याचे शिक्षण पित्यालाही दिले जावे. पूर्वी नात्यातील स्त्रियांमध्ये वाटले जाणारे जागरण आता स्त्री-पुरुष दोघांत वाटले गेले, तरच अंजनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात परतलेल्या बाळाबरोबर त्याची आईही सावरू शकेल.