पैनगंगेचे दोन तीर

उमरखेडच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. आज ती यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांची सीमा आहे. आपल्या अमरावती आणि औरंगाबाद धर्मप्रांतांचीही तीच. शतकापूर्वी मात्र ती दोन राजवटींमधून वाहत होती. अलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. साथीच्या रोगाला या सीमेचा अटकाव नव्हता. शासनाला मात्र होता.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याचे अधिकार मुळात कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारकडे होते. ते प्रांतिक सरकारांना सोपवण्याची मुभा त्यात होती. अधिकार खाली उतरले, विश्वास मात्र उतरला नाही. पुण्यात सैनिकांनी घरोघरी झडत्या घेतल्या. लोक रोगाइतकेच तपासणीलाही भ्याले आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. १० मार्चला प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सत्तेला न साधलेला विश्वास अशा माणसांनी मिळवला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे सोपवले. परंतु एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत ठेवला. एकट्याने हे काम होणार नाही, हे घटनाकारांनी ओळखले होते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत केंद्राच्या सूचनेवरून महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा लागू केला. पुढे लसीकरणात सहकार्याची कसोटी लागली. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठीची लस राज्यांनी स्वतः विकत घ्यावी, असे ठरले. एकाच लशीसाठी राज्यांना निरनिराळे सौदे करावे लागले. अखेर २१ जूनपासून केंद्राने पंचाहत्तर टक्के लस स्वतः खरेदी करून राज्यांना मोफत देण्यास आरंभ केला. खरेदी एका हाताने आणि टोचणी गावोगावच्या हातांनी, ही वाटणी अधिक सुज्ञपणाची होती.

भल्या शोमरोन्याने जखमी मनुष्य कोणाच्या हद्दीत पडला आहे, हे विचारले नाही. तसेच त्याची शुश्रूषा पुढे चालावी म्हणून त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसेही दिले. दूरच्याने साधने पुरवावीत, जवळच्याने सेवा करावी, हाच धडा त्यात आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील आपण तो विसरू नये.