कोळसा खाणींतील पर्यावरणीय अटी : देखरेख कोण करते आणि कशी?

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशातील कोळसा उत्पादनाने प्रथमच एक अब्ज टनांचा टप्पा ओलांडला. त्यातील बहुतांश कोळसा खुल्या खाणींतून निघतो. तेथे कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती व खडक उपसून बाजूला ढिगारे रचावे लागतात. स्फोट आणि अवजड वाहनांची वर्दळ यांमुळे धूळ उडते आणि खाणीत साचलेले पाणी नाल्यांत सोडले जाते. म्हणूनच खाणीला परवानगी देताना शासन तिच्यासोबत अटींची लांबलचक यादी जोडते. या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम मात्र एका कार्यालयाकडे नाही.

यातील मूळ दस्तऐवज म्हणजे पर्यावरण मंजुरीचे पत्र. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणींना केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, तर लहान खाणींना राज्यस्तरीय प्राधिकरण ते देते. वार्षिक उत्पादनाची कमाल मर्यादा आणि वृक्षलागवडीसारख्या अटी या पत्रात नमूद असतात. वनजमीन लागणार असेल तर १९८०च्या वन कायद्यानुसार वेगळी मंजुरी घ्यावी लागते. जल (१९७४) आणि वायू (१९८१) प्रदूषणविषयक अधिनियमांखालील संमतीपत्र राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मिळते. नमुने तपासण्याचे आणि नोटीस बजावण्याचे अधिकारही याच मंडळाला आहेत.

अटींचे पालन झाले की नाही, हे शासनाला सर्वप्रथम सांगतो तो स्वतः खाणचालकच. २००६च्या अधिसूचनेनुसार त्याने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी सहामाही अनुपालन अहवाल सादर करावयाचा असतो. हे अहवाल मंत्रालयाच्या एकात्मिक प्रादेशिक कार्यालयांकडे जातात. २०२० मधील पुनर्रचनेनंतर देशात अशी १९ कार्यालये असून त्यांपैकी एक नागपूर येथे आहे. मात्र धरणे, महामार्ग, कारखाने अशा इतर सर्व प्रकल्पांचा भारही याच कार्यालयांवर आहे. कागदावरील अहवाल आणि प्रत्यक्ष पाहणी यांतील अंतर हीच या व्यवस्थेची दुखरी बाजू होय. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालातही कोल इंडिया व तिच्या उपकंपन्यांच्या प्रदूषण नियंत्रणातील उणिवा नोंदविल्या आहेत.

शासनाच्या हातातील खरी पकड दिसते ती खाणीच्या विस्ताराच्या वेळी. उत्पादन वाढवायचे असेल तर जुन्या अटींचे पालन झाल्याचा प्रमाणित अहवाल लागतो आणि तो देण्यापूर्वी अधिकाऱ्यांना खाणीवर जावे लागते. साहजिकच, विस्ताराची घाई नसलेल्या खाणीवर हा दबाव राहत नाही.

मंजुरीपेक्षा अधिक उत्पादन काढणे ही केवळ तांत्रिक चूक मानली जात नाही. ओडिशातील लोहखनिजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ रोजी असे खनिज बेकायदा ठरवून त्याची संपूर्ण किंमत वसूल करण्याचा निकाल दिला. त्याच्या आधारे झारखंडमध्ये कोळसा कंपन्यांनाही वसुलीच्या नोटिसा देण्यात आल्या. दुसरीकडे, १ एप्रिल २०२४ पासून १९८६च्या अधिनियमातील बहुतेक उल्लंघनांसाठी कारावासाची तरतूद राहिलेली नाही. आता निर्णय अधिकारी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतात. मोठ्या खाणीच्या उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

जमिनीच्या पुनर्भरणावर उपग्रहाद्वारे लक्ष ठेवले जाते. कोल इंडियाची रांची येथील संस्था सीएमपीडीआय हे काम करते. कोळसा व माती मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरहून अधिक उत्खनन करणाऱ्या खुल्या खाणींची पाहणी दरवर्षी, तर उर्वरित खाणींची दर तीन वर्षांनी होते. खड्डा किती भरला आणि त्यावर झाडी किती आली, हे छायाचित्रांतून समजते. शेजारच्या गावातील विहीर आटली का, हे त्यातून कळत नाही.

खाण बंद करताना पैसा अपुरा पडू नये म्हणून कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये एस्क्रो खात्याची पद्धत आणली. त्या वेळी खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख रुपये हा दर ठरला होता. ही रक्कम कोळसा नियंत्रकांच्या संमतीशिवाय काढता येत नाही.

२९ ऑगस्ट २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांनी या साखळीत नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षकांची भर घातली आहे. कोणता लेखापरीक्षक कोणत्या प्रकल्पाकडे जाईल, हे यादृच्छिक पद्धतीने ठरावे, असे नियमांत म्हटले आहे. प्रदूषण मंडळे व प्रादेशिक कार्यालये यांचे अधिकार मात्र कायम आहेत.

सहामाही अनुपालन अहवाल हे २००६च्या अधिसूचनेनुसार सार्वजनिक दस्तऐवज आहेत. त्यामुळे खाणीलगतचा रहिवासी ते मागून प्रत्यक्ष परिस्थितीशी ताडून पाहू शकतो. तफावत आढळल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करता येतो. नुकसानभरपाईसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे.