पनवेलहून कोकण किनाऱ्यावर जाताय? आधी तिथी बघा

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं, की साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळा येतं. अनेक जण त्याला राष्ट्रीय उद्यान म्हणतात, पण ते पक्षी अभयारण्य आहे. रायगड जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही.

पुढे पेण, मग वडखळ. तिथून उजवीकडचा रस्ता अलिबागला जातो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला मात्र चारही बाजूंनी पाणी असतं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे मित्राने गेल्या रविवारी टाकलेल्या रीलवरून वेळ ठरवणं धोक्याचं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीचा पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ३ वाजता भरती, ९ च्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा स्थानिकांकडे मिळते. ओहोटी संपायच्या आत परत फिरायचं, फोटो राहिले तरी चालतील.

अलिबागहून मुरुडकडे जाताना फणसाड अभयारण्य आहे. हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं जंगल होतं. जंजिरा किल्ल्यावर मात्र चालत जाता येत नाही. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात आणि पावसाळ्यात त्या बंद असतात.

घारापुरी बेट उरण तालुक्यात येतं. तिथली लेणी सोमवारी बंद असतात.