ईश्वरेच्छा

ईश्वरेच्छा : ईश्वराच्या ठिकाणी मानलेली इच्छा, तसेच सर्वशक्तिमान ईश्वराला इच्छा असू शकते का, याविषयीचा तात्त्विक वाद. ‘देवाच्या मनात असेल तसे होईल’ असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. त्या बोलण्यामागची अडचण फार जुनी आहे. इच्छा होते ती जवळ नसलेल्या गोष्टीची. तहानलेल्याला पाणी हवे असते, पोटभर पाणी प्यायलेल्याला ते नको असते. मग ज्याला काहीच कमी नाही आणि ज्याचा संकल्प त्याच क्षणी सिद्धीस जातो, त्याला हवे असण्यासारखे उरते काय? इच्छा मान्य केली की पूर्णत्वाला धक्का लागतो. नाकारली तर सृष्टी का झाली, कृपा कोण करतो आणि प्रार्थना कोणापर्यंत पोचते, या प्रश्नांना उत्तर राहत नाही. या पेचातून वाट आहे. उणिवेतून उपजणारी इच्छा ईश्वराला असू शकत नाही; दुसऱ्याच्या हिताची आणि प्रेमाची इच्छा मात्र असू शकते, आणि सर्वशक्तिमानता तिच्या आड येत नाही. असे म्हणताना काय सोडावे लागते, तेही पाहिले पाहिजे.

या वादातले एक ठाम विधान चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात दगडावर कोरलेले आहे. तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचे वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक तेथे १९७६ मध्ये खुले झाले. त्यातला दगडी रथ सुमारे ३९ मीटर उंच आहे. एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखात असलेल्या तिरुवारूरच्या देवळाच्या रथावरून तो बेतला आहे. स्मारकाच्या सज्जात तिरुवळ्ळुवरांच्या ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथाचे १३३ अध्यायांतले सर्व १,३३० कुरळ ग्रॅनाइटवर कोरलेले आहेत. एक कुरळ म्हणजे दोनच ओळी, पहिलीत चार शब्दगट, दुसरीत तीन. पहिला अध्याय ईशस्तुतीचा. त्यातला चौथा कुरळ देवाचे नावही घेत नाही, रूपही सांगत नाही. ज्याला काही हवे नाही आणि काही नकोही नाही, एवढीच तो देवाची ओळख देतो आणि त्याच्या पायाशी पोचलेल्याला कधीच दुःख नाही, असे सांगतो. साने गुरुजींनी तुरुंगवासात कुरळचे मराठी भाषांतर केले, त्यामुळे हा विचार मराठी वाचकालाही अनोळखी राहिलेला नाही.

वरवर पाहता या कुरळने ईश्वरेच्छेचा निकालच लावला आहे. पण त्यातल्या शब्दांची जोडी नीट पाहावी. हवेपणासाठी तेथे ‘वेण्डुदल’ हा शब्द आहे आणि नकोपणासाठी त्याच धातूचे नकारी रूप ‘वेण्डामै’. देवाला उणीव नाही एवढेच सांगायचे असते, तर पहिला शब्द पुरेसा होता. उणिवेचा संबंध हवे असण्याशी आहे, नको असण्याशी नाही. दोन्ही शब्द जोडीने येतात तेव्हा ते राग आणि द्वेष यांचे, म्हणजे आपपरभावाचे, निरसन करतात. न्यायाधीशाला कोणी आवडता-नावडता नसावा असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ न्याय व्हावा ही इच्छाही त्याला नसावी, असा होत नाही. जैन अभ्यासकांनी मात्र या कुरळमध्ये वीतराग जिनाचेच, म्हणजे रागद्वेष जिंकलेल्या तीर्थंकराचेच, वर्णन वाचले आहे आणि ते वाचन सुसंगत आहे, कारण जिन हा सृष्टिकर्ता नव्हेच. तरीही हाच ग्रंथ पुढे १०६२ व्या कुरळमध्ये जगाच्या कर्त्याचा उल्लेख करतो, आणि तोही संतापून : माणसाला भीक मागूनच जगावे लागणार असेल, तर हे जग घडवणारा स्वतःच वणवण फिरून नष्ट होवो. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याला कोणी असा शाप देत नाही. कर्त्याने माणसाचे भले इच्छायला हवे होते, हे त्या शापात गृहीत आहे.

संस्कृत परंपरेत दोन्ही बाजू उघडपणे मांडलेल्या दिसतात. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात काम हे मनाचे पहिले बीज म्हटले आहे. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्याला अनेक होण्याची इच्छा झाली आणि त्यातून सृष्टी आली. उलट गौडपादांनी सृष्टीविषयीची निरनिराळी मते सांगून शेवटी विचारले, की ज्याच्या सर्व इच्छा पुरलेल्या आहेत त्याला स्पृहा कसली? ब्रह्मसूत्रांनी ‘लीला’ हे उत्तर दिले. त्यावर शंकराचार्यांनी दोन दृष्टांत दिले : काही मिळवायचे नसताना क्रीडा करणारा राजा, आणि हेतू न धरता सहज चालणारा श्वासोच्छ्वास. कुमारिल भट्टांना हे पटण्यासारखे नव्हते. हेतूवाचून मूर्खसुद्धा हालचाल करत नाही, आणि करुणा हा हेतू मानावा तर सृष्टीपूर्वी कीव करण्याजोगे कोणी अस्तित्वातच नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. नवव्या शतकातल्या जैन आचार्य जिनसेनांनी पेच आणखी आवळला : ईश्वर कृतार्थ असेल तर त्याला निर्मितीची इच्छा होणार नाही, आणि कृतार्थ नसेल तर त्याच्याने निर्मिती होणार नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, मात्र ईश्वराच्या ठिकाणी ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न हे तिन्ही गुण मानले आणि तिन्ही नित्य ठरवले. नित्य इच्छा म्हणजे जिला सुरुवात नाही ती इच्छा. ती कसल्याही अभावातून उठलेली नसते, त्यामुळे जिनसेनांचा आक्षेप तिला त्याच जोराने लागू होत नाही.

नुंगंबाक्कममध्येच जेझुइटांनी १९२५ साली लोयोला कॉलेज स्थापन केले. ज्या ख्रिस्ती विचारपरंपरेतून ते आले, तिनेही हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी इच्छाशक्तीची दोन कामे वेगळी केली : जवळ नाही त्याचा शोध घेणे आणि जवळ आहे त्यात आनंद मानणे. ईश्वराला पहिले लागू नाही, दुसरे आहे. आणि स्वतःचे चांगुलपण इतरांना देणे हे त्या आनंदाला धरूनच आहे. स्पिनोझाने १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’मध्ये याउलट बजावले, की ईश्वर एखाद्या हेतूने वागतो असे म्हणणे म्हणजे त्याच्याजवळ नसलेल्या गोष्टीची त्याला ओढ आहे असेच म्हणणे. स्पिनोझाचा तर्क तेव्हाच टिकतो, जेव्हा प्रत्येक हेतू स्वतःसाठी असतो असे आधीच धरलेले असते. पण जेवण झालेली आईदेखील मुलाने जेवावे असे इच्छिते. या इच्छेत भूक आहे ती मुलाची, आईची नव्हे. शैव सिद्धांत हेच सांगतो : सृष्टी, स्थिती, संहार, तिरोधान (स्वरूप झाकणे) आणि अनुग्रह (कृपा) ही शिवाची पाचही कृत्ये जिवांसाठी आहेत, शिवाला त्यातून काही मिळवायचे नाही.

येथवर इच्छेतून उणीव वेगळी काढता येते. पण मराठी भक्तिपरंपरा आणखी पुढे जाते आणि देवाला भावाचा भुकेला म्हणते. ही भूक हिताच्या इच्छेहून वेगळी आहे, कारण ती पुरवणे देवाच्या एकट्याच्या हाती नाही. कथेत पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतलेला असतो आणि विठ्ठल विटेवर वाट पाहत उभा राहतो. लहानगा नामदेव हट्ट धरतो आणि देव नैवेद्य खातो. सर्वशक्तिमानाने वाट का पाहावी? कारण जबरदस्तीने मिळवलेले प्रेम हे प्रेमच नव्हे. चौकोनी वर्तुळ काढता येत नाही यात जसे सामर्थ्य कमी पडत नाही, तसेच दुसऱ्याचे स्वेच्छेचे प्रेम हुकमाने निर्माण करता येत नाही यातही ते कमी पडत नाही. नुंगंबाक्कममध्ये प्रसन्न वेंकटेश पेरुमाळांचे देऊळ आहे. अशा तमिळ वैष्णव देवळांत नैवेद्याच्या अन्नाला तळिगै म्हणतात. ते गाभाऱ्यात नेले की पडदा ओढतात, घंटा वाजते, थोड्या वेळाने पडदा सरतो आणि भात तेवढाच्या तेवढा बाहेर येऊन प्रसाद म्हणून वाटला जातो. भांड्यातून काहीच कमी झालेले नसते. देवाला पदार्थाची गरज नाही, देणाऱ्याचा भाव हवा आहे, हा भेद या विधीतच दिसतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की भाव आणि भूक हे आपलेच अनुभव आहेत, ते देवावर लादणे हा मानवी कल्पनेचा खेळ आहे. हे खरे, पण ज्ञान आणि सामर्थ्य हे शब्दही मानवी अनुभवातूनच आले आहेत. तेवढे ठेवून इच्छा हा एकच शब्द काढून टाकायला वेगळे कारण द्यावे लागेल. दुसरा आक्षेप असा, की भक्ताच्या होकारावर देवाची एखादी इच्छा अवलंबून असेल, तर देव परतंत्र झाला. येथे काही सोडावे लागते आणि ते मान्य केले पाहिजे : ज्याला दुसऱ्याच्या वागण्याचा स्पर्शही होत नाही, अशी पूर्णत्वाची कल्पना या देवाला लागू होत नाही. मात्र ही परतंत्रता त्याने स्वतः पत्करलेली आहे. विटेवर त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही. तिसरा आक्षेप कुमारिलांचा आणि सर्वांत अवघड : देव भले इच्छितो, तर जगात एवढे दुःख का? शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टांत दिला. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पीक बियाण्याप्रमाणे येते. तशी जिवांची सुखदुःखे त्यांच्या कर्माप्रमाणे असतात. या उत्तराने पक्षपाताचा आरोप फिटतो, दुःखाचे पूर्ण समाधान होत नाही. तरी हा आक्षेप देवाने काय केले यावर आहे. देवाला इच्छा असूच शकत नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही; उलट देवाकडे जाब मागता यायला त्याची काही इच्छा मानावीच लागते.

म्हणून ‘देवाची इच्छा’ हे शब्द कशासाठी वापरावेत, हेही ठरते. उपासमार, अपघात किंवा अन्याय यांच्यावर ते शब्द पांघरले, की आपपरभाव आणि क्रूरता देवाच्या माथी येते. चौथ्या कुरळने नाकारले आहे ते नेमके हेच. कोणावर भीक मागायची पाळी आली आणि शेजारी त्याला ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे झाले, तर १०६२ वा कुरळ त्या शेजाऱ्यांच्या बाजूने उभा राहत नाही. देवाला इच्छा असेल, तर ती त्या माणसाला पोटभर मिळावे अशीच असली पाहिजे, आणि ती पुरी करण्याचे काम शेजाऱ्यांना ‘आपले नाही’ म्हणून टाळता येत नाही.