पिन बसते, बॅटरी भरत नाही

परभणी, सेलू, गंगाखेडच्या पेठांतील रेडिओ मेकॅनिककडे एके काळी बॅटरी एलिमिनेटर हमखास सापडे. घरात वीज आली की ट्रान्झिस्टरच्या सेलचा खर्च वाचवणारी ही डबी हवीशी वाटे. १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले, १९७१ मध्ये शेजारच्या परळीत औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. खेड्यापाड्यांत तारा पोचत गेल्या, तशी एलिमिनेटरची मागणीही वाढली.

तेव्हा दोनच गोष्टी सांभाळायच्या असत. व्होल्ट जुळले पाहिजेत आणि प्लस-मायनस उलटे होता कामा नये. चुकले की सेट जळायचा. मल्टिमीटर लावून दोन्ही तपासणे, हा या धंद्याचा पहिला धडा.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, तालुक्याच्या गावी संगणक शिकवले जाऊ लागले. मागोमाग लॅपटॉप आले. मल्टिमीटर तोच राहिला, पण आता तो पुरेनासा झाला. बदली अॅडॅप्टर १९.५ व्होल्ट बरोबर देतो, पिन घट्ट बसते, लॅपटॉप चालतो. बॅटरी मात्र भरत नाही.

उत्तर मधल्या बारीक पिनेत असते. डेलने अॅडॅप्टरमध्ये एक छोटी चिप बसवली. अॅडॅप्टर ६५ वॅटचा की ९० वॅटचा, हे ती याच पिनेतून लॅपटॉपला कळवते. चिप नसली किंवा केबलमधली तिची तार तुटली, तर लॅपटॉप चार्जिंग थांबवतो, प्रोसेसरचा वेगही कमी करतो. मीटरवर पूर्ण व्होल्ट दिसत असताना हा दोष पकडणे, ही कारागिरांनी अनुभवातून कमावलेली विद्या आहे. आधी त्याच मॉडेलचा, खात्रीचा अॅडॅप्टर लावून पाहायचा. मग मधली पिन वाकली आहे का, डीसी जॅक हलतो का, हे तपासायचे. बॅटरीकडे सगळ्यात शेवटी वळायचे. हा क्रम चुकला तर गिऱ्हाइकाला नव्या बॅटरीचा नाहक भुर्दंड बसतो.

२०१४ साली टाइप-सी जोडणीचे मानक प्रसिद्ध झाले. चार्जर आणि लॅपटॉप यांनी व्होल्ट-अँपिअर आपसांत ठरवण्याची रीत त्यामुळे सर्व कंपन्यांसाठी एक होऊ लागली. २०२१ मध्ये तिची मर्यादा १०० वॅटवरून २४० वॅटवर गेली. युरोपीय संघाने नव्या लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी बंधनकारक केले. आता मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर लावून ‘चार्ज होत नाही’ म्हणत आणलेला लॅपटॉप उघडण्याआधी चार्जरवर छापलेले वॅट वाचावे लागतात.