एकाचें राज्य आणि सहस्रांची वस्ती

वाचनानें किंवा खेळानें एकदां मनांत वसलेल्या कल्पित भूमीकडे कांहीं वर्षांनीं परत जावें, अशी ओढ बहुतेक रसिकांस वाटते. आवडती कादंबरी पुन्हां उघडली तर तिच्यांतील नगरें, नद्या आणि माणसें जेथल्या तेथें भेटतात. बदललेला असतो तो वाचक. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावरील खेळांच्या इतिहासांत असा एक प्रसंग घडला कीं, त्यांत परत येणाऱ्या माणसाबरोबर ती भूमिहि बदलली. ही भूमि म्हणजे ‘अल्टिमा’ या खेळमालिकेंतील ब्रिटानिया. खेळाचा विषय कांहीं वाचकांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु माणूस एकटा असतांना चांगला वागतो म्हणजे काय, आणि समुदायांत चांगला वागतो म्हणजे काय, या जुन्या प्रश्नाचा असा उघड प्रयोग इतिहासांत क्वचित् सांपडेल. म्हणून त्यांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंति.

या भूमीचा निर्माता रिचर्ड गॅरियट याचा जन्म १९६१ सालीं इंग्लंडांत केंब्रिज येथें झाला. तो वाढला मात्र अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत. त्याचे वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर असून १९७३ सालीं ‘स्कायलॅब’ या अंतराळस्थानकांत राहून आले होते. पुढें २००८ सालीं मुलगाहि अंतराळांत जाऊन आला; पण त्याचें नांव झालें तें कल्पित राज्यें वसविण्यामुळें. शाळेंत असतांनाच तो संगणकावर गुहा, राक्षस आणि खजिने यांचे खेळ लिहूं लागला. १९८१ सालीं त्याचा ‘अल्टिमा’ प्रसिद्ध झाला व १९८२ आणि १९८३ या सालीं त्याचे पुढील दोन भाग निघाले. तिसऱ्या भागाच्या वेळीं त्यानें ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ही स्वतःची संस्था काढली होती. या तिन्ही खेळांची रचना ठराविक होती. एखादी दुष्ट शक्ति माजलेली असे, आणि खेळाडूनें बळ व धन जमवून तिचा नाश करावयाचा असे. तें धन दुकानांतून चोरलें काय किंवा निरपराध नागरिकास मारून मिळविलें काय, खेळाला त्याचें सोयरसुतक नव्हतें.

स्वतःची संस्था निघाल्यावर खेळाडूंचीं व त्यांच्या आईबापांचीं पत्रें प्रथमच थेट गॅरियटच्या हातीं पडूं लागलीं. आपण वीरकथा रचली अशी त्याची समजूत होती. खेळणारे मात्र लुटारूंसारखे वागून जिंकत होते. कांहीं आईबापांनीं तर खेळांत सैतानाचा वास असल्याचा आरोप केला. आरोपांत तथ्य नव्हतें. पण त्यांनीं कर्त्याला अंतर्मुख केलें. १९८५ सालीं निघालेला चौथा भाग हें त्या चिंतनाचें फळ होय. या भागांत वधण्याजोगा महाशत्रु कोणी नाहीं. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांच्या आधारें प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, इभ्रत, अध्यात्म आणि नम्रता असे आठ सद्गुण कल्पिले असून एकेका सद्गुणास एकेक गांव वाहिलें आहे. खेळाडूनें हे आठहि गुण अंगीं बाणवून ‘अवतार’ या पदवीस पोंचावयाचें. हा शब्द गॅरियटनें आपल्याच हिंदु परंपरेंतून उचलला. आपल्याकडे देव खालीं उतरतो तेव्हां अवतार होतो. ब्रिटानियांत माणूस वर चढतो तेव्हां होतो. शास्त्री मंडळींस ही उलटापालट खटकेल. परंतु पडद्यावरील खेळाडूच्या प्रतिमेस ‘अवतार’ म्हणण्याची चाल जगभर पडण्यास जीं कारणें झालीं, त्यांत हा खेळ प्रमुख आहे.

या राज्यांत औषधी वनस्पति विकणारी एक आंधळी बाई आहे. किंमत ती सांगते, पण हातावर किती नाणीं पडलीं हें तिला दिसत नाहीं. थोडीं नाणीं टेकवून निघून गेलें तरी ती तक्रार करीत नाहीं. मात्र खेळाच्या पोटांत चित्रगुप्ताची एक वही आहे, तींत तेवढा प्रामाणिकपणा वजा होतो, आणि पुष्कळ वेळानें, अवतारपद जवळ आलें असें वाटत असतां, ती बाकी अचानक पुढें उभी राहते. सद्गुणांचें इतकें बारीक मापन त्यापूर्वीं कोणत्याहि प्रसिद्ध खेळांत झालें नव्हतें.

तथापि एक शंका उरते. त्या आंधळ्या बाईस फसविलें म्हणजे कोणास फसविलें? ब्रिटानियांत जिवंत जीव एकच, तो म्हणजे खेळणारा. बाकीचे सारे नागरिक म्हणजे आधींच लिहून ठेवलेलीं वाक्यें. तेथील करुणेस दुःखी माणूस नव्हता आणि न्यायास फिर्यादी नव्हता. तीन वर्षांनीं, १९८८ सालच्या पांचव्या भागांत, गॅरियटनें या विचारास आणखी एक बाजू जोडली. त्यांत लॉर्ड ब्रिटिश हा राजा बेपत्ता झाला असून त्याच्या जागीं आलेल्या ब्लॅकथॉर्ननें आठहि सद्गुण कायद्यानें सक्तीचे केले आहेत. जो ते पाळणार नाहीं त्यास क्रूर शिक्षा होते. दंडाच्या धाकानें पाळावयास लावलेला सद्गुण जुलमाचें हत्यार बनतो, हा त्या कथेचा बोध. ही कथा लिहितांना, आपणांवरहि राज्य चालविण्याची पाळी येईल, असें कर्त्याच्या स्वप्नींहि नसेल.

ती पाळी नऊ वर्षांनीं आली. ओरिजिन ही संस्था १९९२ सालीं ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ या मोठ्या कंपनीनें विकत घेतली होती, आणि २४ सप्टेंबर १९९७ रोजीं ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा नवा खेळ इंटरनेटवर निघाला. थोड्याच महिन्यांत त्याच्या मासिक वर्गणीदारांची संख्या एक लाखावर गेली. एवढी गर्दी एका यंत्रावर मावेना, म्हणून एकाच राज्याच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवाव्या लागल्या. या यांत्रिक अडचणीसहि कथेचा पोषाख चढविण्यांत आला. पहिल्या खेळांतील दुष्ट मांत्रिक माँडेन याचा मणि फुटला, तेव्हां त्याच्या प्रत्येक तुकड्यांत या भूमीचें एकेक प्रतिबिंब राहिलें, असें सांगण्यांत आलें.

एकट्यानें ब्रिटानिया पालथी घातलेला जुना यात्रेकरू या नव्या राज्यांत आला, तेव्हां त्याला गांवांचीं नांवें ओळखीचीं दिसलीं. मूनग्लो, यू, ट्रिन्सिक, मिनॉक, जेलॉम, सारीं आपापल्या जागीं होतीं. परंतु पूर्वीं सारें राज्य त्याची वाट पाहत असे. आतां त्याची वाट पाहणारें कोणी नव्हतें. अवतार ही पदवीच उरली नव्हती. मिनॉकच्या डोंगरांत कुदळीनें खनिज खणावें, ब्रिटन शहरांतील पेढीच्या आसपास उभें राहून लोकांचीं चिलखतें दुरुस्त करावीं, कपडे शिवावे, मासे धरावे, आणि पैसे सांठले तर एखादें घर बांधावें, असा तेथील दिनक्रम होता. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर, महापुरुष म्हणून गेलेला माणूस तेथें रहिवासी झाला.

आणि त्याचे शेजारी कसे निघाले? चांचणीच्या काळांत कर्त्यांनीं रानांत हरणें, ससे आणि लांडगे यांची अन्नसाखळी मोठ्या कौशल्यानें उभी केली होती. खेळाडूंनीं दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्यानें मारला कीं, ती व्यवस्था काढून टाकावी लागली. १९९७ च्या ऑगस्टमध्यें, चांचणी संपत आली असतां, स्वतः गॅरियट लॉर्ड ब्रिटिशच्या रूपानें प्रजेस दर्शन देत होता. यंत्र बंद पडून पुन्हां सुरू झालें होतें आणि राजाचें अभेद्य कवच पुन्हां चढवावयाचें राहून गेलें होतें. गर्दींतील एकानें अग्नीचा मंत्र टाकला आणि राजा मेला. खेळ सर्वांस खुला झाल्यावर गांवाच्या वेशीबाहेर वाटमारी व खून नित्याचे झाले.

गॅरियटनें स्वतः सांगितलेली एक हकीकत येथें देण्यासारखी आहे. एका बाईची चोरी करणाऱ्या खेळाडूस त्यानें राजा या नात्यानें पकडलें. चोरानें माफी मागितली, वचन दिलें, आणि सुटतांच पुन्हां त्याच बाईस लुटलें. असें वारंवार झाल्यावर राजानें हद्दपारीची धमकी दिली. तेव्हां चोर सोंग बाजूस ठेवून म्हणाला कीं, चोरी ही विद्या या राज्यांत तुम्हीच ठेवली आहे. मी चोराची भूमिका करीत आहें, आणि राजापुढें खोटें बोलणें हें चोराचें कामच नव्हे काय? या युक्तिवादास राजापाशीं उत्तर नव्हतें. परंतु उत्तर नव्हतें म्हणून त्या बाईचें नुकसान खोटें ठरत नाहीं. आंधळी वनस्पतिवाली आणि ही बाई यांच्यांत भेद एवढाच कीं, या बाईमागें जगांत कोठें तरी खरें माणूस बसलेलें होतें.

कर्त्यांनीं उपाय केले. गांवांत पहारेकरी ठेवले, खुन्याचें नांव तांबड्या अक्षरांत दिसूं लागलें. तेवढ्यानें भागेना, म्हणून २००० सालीं प्रत्येक राज्याच्या दोन प्रती करण्यांत आल्या. ब्रिटानियाच्या आकाशांतील दोन चंद्रांचीं नांवें, फेलुका आणि ट्रॅमेल, त्यांस दिलीं गेलीं. फेलुकांत जुना मोकळा कारभार राहिला. ट्रॅमेलमध्यें मात्र संमतीवांचून कोणीहि कोणास मारूं शकेना. प्रजेनें पायांनीं मत दिलें, आणि बहुसंख्य लोक ट्रॅमेलकडे गेले. त्याच सालीं गॅरियटनें ओरिजिन सोडली. २००३ च्या सुमारास वर्गणीदार अडीच लाखांपर्यंत पोंचले. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीनें हा उपाय फसला असें कोणी म्हणणार नाहीं.

तरीहि त्या विभागणीचा वाद जुन्या रहिवाशांत मिटलेला नाहीं, आणि तो मिटूं नये असेंच आम्हांस वाटतें. कारण फेलुकाच्या धास्तीच्या दिवसांतच खेळाडूंनीं आपण होऊन गांवें वसविलीं, खानावळी चालविल्या, वाटसरूंच्या रक्षणास पथकें उभारलीं. हें करण्यास त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. ट्रॅमेलमध्यें वाटमारी अशक्य झाली, तशी वाटमाऱ्याविरुद्ध उभें राहण्याची संधिहि गेली. ब्लॅकथॉर्नच्या कायद्यानें सद्गुण सक्तीचे केले होते. ट्रॅमेलच्या नियमानें दुर्गुणास वाव ठेवला नाहीं. पहिला जुलूम होता आणि दुसरी सोय, हें खरें; परंतु माणसाच्या निवडीस दोहोंतहि जागा थोडी. दुसरीकडे, दमून घरीं आलेल्या ज्या माणसास दोन घटका विरंगुळा हवा होता, त्यानें आपल्या चारित्र्याच्या कसोटीसाठीं रोज लुटलें जावें, असें म्हणण्याचा अधिकारहि कोणास नाहीं. राज्यकर्त्यास या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो; अवताराला तो कधींच करावा लागला नव्हता.

पाव शतक उलटून गेलें तरी तें राज्य चालू आहे, आणि जुने यात्रेकरू अधूनमधून तेथें डोकावतात. आपली ब्रिटानिया हरवली, अशी खंत त्यांच्यापैकीं पुष्कळांस वाटते. ती खंत खरी आहे. ज्या राज्यांत आपण एकटेच होतों, तें राज्य लोकांनीं भरल्यावर पुन्हां सांपडत नाहीं. पण १९८५ सालीं ज्यानें आंधळ्या बाईच्या हातावर पुरतीं नाणीं ठेवलीं, त्यानें तीं चित्रगुप्ताच्या वहीकडे पाहून ठेवलीं कीं बाईकडे पाहून, हें त्याचें त्यालाहि सांगतां आलें नसतें. १९९७ नंतर ज्यानें अनोळखी माणसाचें मोडलेलें चिलखत दोन पैसे न घेतां दुरुस्त करून दिलें, त्याच्यापुढें वही नव्हती, पदवीहि नव्हती. समोर फक्त एक माणूस होतें, आणि तें कदाचित् चोरहि निघालें असतें.